नाव कुणासाठी?

खालापूर तालुक्याच्या पनवेलकडच्या अंगाला रसायनी आहे. गावांना नावं पडतात ती देवावरून, झाडावरून, ओढ्यावरून. या वस्तीला पडलं ते कारखान्यांवरून. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीनं आपला पहिला कारखाना इथे उभा केला. जवळच हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सचा डीडीटीचा कारखाना आला. पाताळगंगेला बाराही महिने पाणी, कारण लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून उतरून १९१५ पासून तिलाच मिळतंय. पाणी पाहून कारखाने येत गेले, आणि भातखाचरांच्या शेजारी नायट्रोबेंझिन, ॲनिलीन, फॉर्मल्डिहाइड हे शब्द राहायला आले.

आले आणि लगेच आखूडही झाले. ‘नायट्रोला ड्यूटी लागलीय’, ‘आज फॉर्मलचा वास सुटलाय’, ‘कॉस्टिकनं हात सोलला’. कामगाराला एवढं पुरतं. ज्या टाकीशी रोज गाठ पडते तिला पूर्ण नावानं कोण हाक मारील?

मी कर्जतच्या बाजूच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. वर्गातल्या काही पोरांचे बाप-काका कर्जत–खोपोली लोकलनं कारखान्यात जातात, बाकीच्यांची भातशेती. ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा निघाला, मूलकं आणि संयुजा फळ्यावर आल्या, की वर्गात एक प्रकारचं मळभ येतं. सोडियम एक, कॅल्शियम दोन, ॲल्युमिनियम तीन; मग तिरकस गुणाकार; मग कंस. अशाच एका तासाला मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, मोरचुदाला मोरचूद म्हटलं तर काय बिघडतं?’

प्रश्न आगाऊपणाचा नव्हता, रास्त होता. मोरचूद म्हटलं की दुकानदार बरोबर तीच पुडी देतो. तुरटी, हिराकस, नवसागर, टाकणखार, सोरा ही नावं पिढ्यान् पिढ्या चालली आणि त्यांनी कुणाचं काही अडवलं नाही. मग ‘कॉपर सल्फेट’ कशाला आणि ‘सी यू एस ओ फोर’ तरी कशाला?

मी तेव्हा दिलं ते उत्तर पुस्तकी होतं. नंतर शिकवता शिकवता माझं असं मत होत गेलं की, पदार्थाचं पूर्ण नाव त्याच्या ओळखीच्या माणसाला लागतच नाही. ते लागतं त्याला, जो तुम्ही सांगायला हजर नसताना ती बरणी उघडणार आहे. नामकरणाचे हे सगळे किचकट नियम म्हणजे परक्या माणसाशी वागण्याची रीत आहे.

रसायनीतच एकेकाळी बनणाऱ्या ॲनिलीनचं उदाहरण घ्या. १८२६ साली उन्व्हरडॉर्बेन या जर्मन माणसानं नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला. त्या द्रवाचे आम्लांशी चांगले स्फटिक बनत, म्हणून त्याला नाव दिलं क्रिस्टॅलिन. १८३४ मध्ये रुंगेनं दगडी कोळशाच्या डांबरातून एक द्रव वेगळा केला. तो विरंजक चुन्याबरोबर निळा होई, म्हणून त्याचं नाव कायनॉल. १८४० मध्ये फ्रिट्शेनं नीळ पोटॅशबरोबर तापवली आणि हाती आलेल्या द्रवाला ॲनिलिन म्हटलं. १८४२ मध्ये रशियात झिनिननं नायट्रोबेंझिनपासून एक द्रव बनवला, तो बेंझिडाम. चार माणसं, चार वाटा, चार नावं. पुढच्याच वर्षी हॉफमननं चारही पदार्थ तपासून दाखवलं की हा एकच पदार्थ आहे. सहा कार्बन, सात हायड्रोजन, एक नायट्रोजन.

चौघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपल्याला जे दिसलं त्यावरून नाव ठेवलं: कुणाला स्फटिक दिसले, कुणाला निळा रंग, कुणाला नीळ. पण क्रिस्टॅलिन वाचून कायनॉलवाल्याला काही कळण्याची सोय नव्हती. प्रत्येक नाव ठेवणाऱ्यापाशी सुरू होई आणि तिथेच संपे. हॉफमनच्या हिशेबात मात्र कुणाचाच अनुभव नव्हता, नुसती मोजदाद होती. म्हणून ती चारही नावांना सारखीच लागू पडली. नायट्रोबेंझिनपासून ॲनिलीन ही झिनिनची वाट पुढे कारखान्यांनी धरली आणि रसायनीपर्यंत आणली. आणि ‘ॲनिलीन’ हे जे नाव टिकलं ते आपल्याच ‘नीली’पासून अरबी आणि पोर्तुगीज तोंडांतून फिरत तिकडे गेलेलं. पण ते केवळ भाग्यानं टिकलं. गुण पाहून निवड झाली असती तर बाकीची तीनही तेवढीच बरी किंवा तेवढीच निरुपयोगी होती.

घटक पाहून नावं ठेवायची पद्धत त्याआधी अर्धशतक सुरू झाली होती, ती एका वकिलाच्या पुढाकारानं. गीतों द मोर्व्हो हा फ्रान्समधल्या दिजों गावचा वकील. जो शब्द ऐकून पदार्थात काय आहे ते कळत नाही तो शब्द कामाचा नाही, असं त्याचं म्हणणं. लाव्हॉझिए, बर्थोले आणि फुर्क्रवा यांना बरोबर घेऊन त्यानं १७८७ मध्ये नव्या नावांचं पुस्तकच काढलं. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड ही शेपटं तिथून आली. बर्झेलियसनं १८१३-१४ च्या सुमारास मूलद्रव्यांना अक्षरं दिली आणि सूत्र लिहिणं छापखान्याच्या आवाक्यात आणलं. कार्बनी संयुगांचा पसारा हाताबाहेर जाऊ लागला तेव्हा १८९२ साली जिनिव्हात रसायनतज्ज्ञांनी बसून त्यांचे नियम केले, आणि १९१९ पासून हे काम आययूपीएसी ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहते. नावांसाठी परिषदा भरवणारं हे बहुधा एकच शास्त्र नसेल. पण नाव चुकलं तर माणूस मरू शकतो, असं शास्त्र म्हणून त्यांना ती घाई असावी.

मोरचुदाचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या घरी भाजीपाल्याची शेती होती. त्यामुळे पुढच्या तासाला मी फळा सोडून परीक्षानळी घेतली. निळेशार खडे कुटून तळाशी घातले, नळी किंचित तिरकी धरून स्पिरिटच्या दिव्यावर धरली. आधी खडे तडतडले. मग नळीच्या तोंडाशी, जिथे काच गार होती, तिथे दव साचलं. निळा रंग कडेकडेनं फिका होत गेला आणि शेवटी तळाशी राहिली पांढरी, पिठासारखी पूड. नळी गार झाल्यावर एका मुलीला ड्रॉपरनं पाण्याचा थेंब टाकायला सांगितलं. थेंब पडला तिथे निळा डाग उमटला, आणि नळी हाताला गरम लागली.

‘सी यू एस ओ फोर’च्या पुढे एक टिंब देऊन ‘फाइव्ह एच टू ओ’ का लिहायचं, हे त्यानंतर समजवावं लागलं नाही. ते टिंब म्हणजे नळीच्या तोंडाशी साचलेलं दव. मग आम्ही हिशेब केला: किलोभर मोरचुदात सुमारे ३६० ग्रॅम नुसतं पाणी, आणि तांबं जेमतेम २५५ ग्रॅम. त्या मुलाच्या चेहऱ्यावर शेतकऱ्याचा चेहरा आला. ‘म्हणजे पाण्याचे पैसे घेतात?’ घेतात, पण दुकानातली पुडी सूत्राशी इमान राखून असेल तर प्रत्येक किलोला तेवढंच पाणी, ना थेंब कमी ना थेंब जास्त. ‘मोरचूद’ हा शब्द त्याला हे कधीच सांगू शकला नसता.

फवारणीचं बोर्डो मिश्रण त्याच्या वडिलांनी पुष्कळदा केलेलं. एक टक्क्याचं करायचं तर किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं अजिबात नाही. तयार झाल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. फवारलं तर पानं करपतील. हे त्याला तोंडपाठ होतं. त्या तांबूस थराला आम्ही मग फळ्यावर समीकरणात बसवलं: मोकळं राहिलेलं तांबं लोखंडावर येऊन बसतं आणि लोखंड विरघळून त्याची जागा घेतं. वडिलांना पात्याची भाषा येत होती, मुलाला आता सूत्राचीही येऊ लागली. दोन्हींत मला वरचढ कुणी वाटत नाही. फरक एवढाच की पात्याची भाषा शिकायला वडिलांच्या शेजारी उभं राहावं लागतं.

याच मिश्रणात कंसाचा घोळ मिटतो. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ‘ओ एच’ हे दोघं जोडीनं येतात, आणि कॅल्शियमला अशा दोन जोड्या लागतात. म्हणून जोडी कंसात आणि दोनचा आकडा कंसाबाहेर. कंस विसरला की ऑक्सिजन एकच उरतो आणि जगात नसलेला पदार्थ वहीत तयार होतो. पोरं म्हणतात, ‘बाई, तुम्हाला कळलं ना काय म्हणायचंय?’ मला कळलं, कारण मी इथे आहे. पेपर तपासणाऱ्याला कळेलच असं नाही, आणि औषध मिसळणाऱ्याला तर कळूच नये अशी त्याची सवय असली पाहिजे.

शेतीतलं दुसरं सूत्र युरियाच्या गोणीवर छापलेलं असतं, फक्त ते सूत्रासारखं दिसत नाही. गोणीवर लिहिलेलं असतं: नत्र ४६ टक्के. कुठून आला हा आकडा? युरियात कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. वस्तुमानं मांडा: १२, १६, २८, ४. बेरीज ६०. त्यात नायट्रोजनचे २८. भागाकार करा, उत्तर ४६.६७. गोणीवरचा आकडा फळ्यावर उतरतो तेव्हा वर्गात होणारी कुजबुज मला फार आवडते. २०१८ पासून गोणी ४५ किलोची झाली. म्हणजे एका गोणीमागे शेतात जाणारं नत्र २० किलो ७०० ग्रॅमच्या आसपास. खाचरातल्या भाताला किती नत्र द्यायचं याची शिफारस किलोत असते, गोण्यांत नसते. सूत्र येतं त्याला दोन्हींचा मेळ घालता येतो.

डीएपीच्या गोणीवर मात्र पोरं फसतात. तिथे १८ आणि ४६ असतं: १८ नत्र, ४६ स्फुरद. पण त्या ४६ मध्ये खरा फॉस्फरस सुमारे २० टक्केच. बाकीचा आकडा येतो तो स्फुरद ‘पी टू ओ फाइव्ह’ या ऑक्साइडच्या रूपात मोजायच्या जुन्या रूढीतून, आणि तो ऑक्साइड गोणीत नसतोच. ‘म्हणजे खोटंच छापलंय!’ असं एकजण म्हणाला. खोटं म्हणवत नाही. दुकानातल्या सगळ्या गोण्या त्याच रूढीनं मोजलेल्या असतात, म्हणून एकीची दुसरीशी तुलना करता येते. परक्याशी बोलायचं तर शब्दाच्या सच्चेपणाइतकीच त्याच्याबद्दलची सहमती लागते, हे मला या गोणीनं शिकवलं.

युरियाचं सूत्र मी आणखी एका कारणासाठी पुन्हा पुन्हा काढते. १८२८ साली व्होलर अमोनियम सायनेट बनवायला बसला आणि हाती आला युरिया, जो तोवर फक्त प्राण्यांच्या मूत्रातच सापडत असे. सजीव-निर्जीवाच्या भिंतीला त्या प्रयोगानं तडा गेला असं आपण शिकतो. माझ्या वर्गासाठी त्यातली मौज वेगळी आहे. अमोनियम सायनेट आणि युरिया यांची मोजदाद तंतोतंत एक! तेच अणू, तेवढेच अणू. पंगतीत माणसं तीच असली तरी कोण कुणाशेजारी बसलं यावर जेवणाचा रंग ठरतो, तसं हे. हॉफमनची मोजदाद चार नावांना एक करू शकली, पण इथे तीच मोजदाद दोघांना वेगळं करू शकत नाही. इथे नावाची गरज लागते.

रसायनीत नायट्रोटोल्यूइनही बनत. त्याचे ऑर्थो, मेटा आणि पॅरा असे तीन प्रकार, रेणुसूत्र तिघांचंही एकच. बेंझिनच्या कड्यावर नायट्रो गट मिथाइलच्या लगत बसलाय, एक सोडून बसलाय की अगदी समोर, एवढाच फरक. पण ऑर्थो आपल्या हवेत द्रव, आणि पॅरा त्याच हवेत घट्ट खडा. तो ५२ अंशांच्या आसपास वितळतो. पुढे त्यांच्यापासून बनणारे रंग आणि औषधं निरनिराळी. पिंपावर नुसतं ‘नायट्रोटोल्यूइन’ लिहून भागत नाही. मुलांना वैतागवाणे वाटणारे ते १, २, ४ चे आकडे आणि मधल्या रेघा, हे सगळं कोण कुणाशेजारी बसलंय तेवढंच सांगण्यासाठी.

आणि नावातला एखादा ध्वनी किती महाग पडतो! इथेनॉल आणि मिथेनॉल: दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही अल्कोहोलच. फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा. मिथेनॉलचं शरीरात फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं. आधी नजर जाते, मग जीव. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलनं. पिणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्यांवर कुणी नाव लिहिलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. ज्याला नाव सांगायचं नसतं त्याला नाव न लिहिणं सोयीचंच असतं.

भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरातल्या वायुगळतीच्या रात्री हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. डोळे चोळत, खोकत माणसं रुग्णालयात येत राहिली आणि समोरच्या डॉक्टरांना नेमका कोणता वायू आहे, त्यावर उतारा काय, हे वेळेत सांगणारं कुणी नव्हतं. मिथाइल आयसोसायनेट हे नाव कारखान्यात सर्वांना ठाऊक होतं. कुंपणाबाहेर ते पोचलं नव्हतं. सायनाइडची विषबाधा झाली आहे की नाही, सोडियम थायोसल्फेट द्यावं की नाही, यावर पुढे किती काळ वाद चालला. त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन ‘४१ ब’ हे कलम आलं. कारखान्यातल्या धोक्याच्या पदार्थांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपास राहणाऱ्या सर्वसामान्य जनतेला देणं मालकावर बंधनकारक झालं. कलम वाचायला रुक्ष आहे. पण कुंपणाबाहेरच्या माणसाला नाव कळण्याचा हक्क आहे, हे कायद्याच्या भाषेत लिहिलं जायला एवढी माणसं जावी लागली.

खोपोलीच्या शीळफाट्यावर हा हक्क चाकांवर उभा असलेला दिसतो. बोरघाट चढण्याआधी टँकर तिथे थांबतात, ड्रायव्हर चहा घेतात. एकदा सहलीवरून परतताना पोरांना मी टँकरच्या पाठी वाचायला लावल्या. मोटार वाहन नियमांतला १३४ वा नियम सांगतो की, घातक माल नेणाऱ्या गाडीवर त्या मालाचं शास्त्रीय नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवं. वर्गाचं चिन्ह हवं, आपत्तीत फोन कुणाला करायचा तो क्रमांक हवा. शिवाय प्रत्येक पदार्थाचा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक असतो: गंधकाम्ल १८३०, मिथेनॉल १२३०, ॲनिलीन १५४७. एका ड्रायव्हरला पोरांनी विचारलं, आत काय आहे? तो हसून म्हणाला, ‘ॲसिड है.’ टँकरवर १८३० होतं. त्याच्या रोजच्या कामाला ‘ॲसिड’ पुरेसं होतं. तो त्या मालाचा घरचा माणूस. पण घाटात गाडी कलंडली आणि ड्रायव्हर बोलण्याच्या स्थितीत नसला, तर पाणी मारायचं की माती टाकायची, लोकांना किती लांब हटवायचं, हे अग्निशमनवाल्यांना ठरवता आलं पाहिजे ते त्या पाटीवरून. गंधकाम्लावर पाणी पडलं की ते उसळतं. मिथेनॉल पाण्यात निमूट मिसळतं. दोन्हींसाठी ‘केमिकल’ हा एकच शब्द लिहिलेला टँकर म्हणजे नावच नसलेला टँकर.

रसायनीचा तो जुना कारखाना आता बहुतेक थंडावला. २०१७ साली केंद्र सरकारनं तिथले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं आणि जमीन विकायला काढली. एक विभाग मात्र वगळला आणि इस्रोकडे सोपवायचा निर्णय घेतला, तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. ‘एन टू ओ फोर’. अग्निबाणाच्या विकास इंजिनात इंधन जाळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ हाच. पीएसएलव्हीचा दुसरा टप्पा त्यावर चालतो. याचं सूत्र दोनानं भागून ‘एन ओ टू’ लिहिलं तर प्रमाण तेच राहतं, पण पदार्थ बदलतो. एक रंगहीन, दुसरा विटकरी. आणि दोघं एकमेकांत सतत ये-जा करतात. गारव्यात जोड्या जमतात, ऊब लागली की फुटतात. २१ अंशांनाच उकळणारा हा द्रव आमच्याकडच्या एप्रिलमध्ये कोंडून ठेवायचा म्हणजे नुसतं नाव ठाऊक असून चालत नाही. पण ते ठाऊक नसेल तर पुढचं काहीच करता येत नाही.

अग्निबाणापासून मोरीपर्यंत अंतर फार नाही. आमच्या गल्ल्यांतून सायकलवाला ‘ॲसिड, फिनेल’ ओरडत जातो आणि शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्यांत भरून देतो. बाटलीवर जुन्या पेयाचंच चित्र. ते बहुधा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि शेजारच्या डब्यात ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र पडली की क्लोरीन सुटतो, बंद मोरीत. घरातल्या बाईला दोन्ही ओळखू येतात. पाहुणा, लहान पोर, कामाला नवी आलेली मावशी, यांना येत नाहीत.

म्हणून नववीला हा धडा संपला की मी एकच गृहपाठ देते. घरातली नाव नसलेली प्रत्येक बाटली शोधा, मोठ्या माणसाला विचारून आत काय आहे त्याची खात्री करा, आणि चिठ्ठी चिकटवा: मराठीत नाव, जमल्यास सूत्र, कधी भरलं, आणि कशाबरोबर मिसळायचं नाही. अक्षर ५० मिलिमीटरचं नको, पण आजीला वाचता येईल असं हवं. या गृहपाठाला गुण नाहीत आणि वह्या मी तपासत नाही. तपासणारा दुसराच कुणीतरी असतो. तो येईल तेव्हा तुम्ही घरी नसाल.